आधी जवळ घ्या

आईबाबांनो, आज जरा अवघड बोलायचं आहे. लग्न झालेली लेक अवेळी दारात उभी राहते, डोळे सुजलेले. बऱ्याच वेळाने सांगते, "त्यांचं बाहेर कुणाशी तरी आहे." त्या धक्क्यात आपल्या तोंडून निघून जातं, "तुझंच काही चुकलं असेल." नाहीतर, "पुरुषाची जात, येईल ताळ्यावर." किंवा, "झाकली मूठ सव्वा लाखाची, कुठे बोलू नकोस."

हे काळजीपोटी निघतं, मला ठाऊक आहे. धाकटीचं लग्न व्हायचं असतं, नातवंडं लहान असतात. पण तिला एवढंच ऐकू येतं की आता माहेरही आपलं राहिलं नाही. लेकाची फसवणूक झाली, तर तो सांगतच नाही. "बायको सांभाळता आली नाही" हा टोमणा त्याला न बोलताच ऐकू येत असतो.

विश्वास ज्याने मोडला, चूक त्याची. जिचा मोडला, तिची उलटतपासणी कशासाठी?

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेचं व्यभिचाराबद्दलचं कलम ४९७ रद्द केलं, तेव्हापासून "आता कायदाच नाही" असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. व्यभिचार आता गुन्हा नसला, तरी हिंदू विवाह कायद्यानुसार तो घटस्फोटाचं कारण आजही आहे. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा २००५चा. त्यानुसार सासरच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क तिला मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

मात्र संसार ठेवायचा की मोडायचा, हे तिला ठरवू द्या. चार नातेवाईक गोळा करून जावयाला जाब विचारायला धावू नका. "आजच्या आज सोड त्याला" असंही म्हणू नका. नातवंडांसमोर त्यांच्या बापाचा उद्धार तर नकोच.

आणि चूक आपल्याच मुलाची असेल, तर सुनेला "सांभाळून घे" सांगू नका. मुलाला समोर बसवून "तू चुकलास" म्हणा. ते आपल्याला जड जातं, पण सुनेला त्या दोन शब्दांचा आधार फार मोठा वाटतो.

लेक दारात आली, तर आधी एवढंच म्हणा, "आलीस, बरं केलंस. दोन घास खा, झोप. पुढचं तू म्हणशील तसं करू."