टिटॅनियमचे नळ व त्यांचे जोड

नळमार्गाची खरी परीक्षा जोडाशी होते. सरळ नळातून द्रव संथपणे वाहतो. परंतु वळणाचा एल्बो, तीन तोंडांचा टी अथवा व्यास कमी करणारा रिड्यूसर आला की प्रवाहात भोवरे उठतात आणि धातूची झीज वाढते. म्हणून ज्या नळांतून समुद्राचे पाणी किंवा ओला क्लोरीन वायू न्यावयाचा असतो, त्यांचे जोडही पुष्कळदा टिटॅनियमचेच करतात.

हे मूलद्रव्य विल्यम ग्रेगर ह्यांना १७९१ मध्ये इंग्लंडातील कॉर्नवॉल येथील काळ्या वाळूत आढळले. १७९५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट ह्यांनी त्याला टिटॅनियम हे नाव दिले. १९४० च्या सुमारास क्रोल ह्यांनी टिटॅनियमच्या क्लोराइडावर मॅग्नेशियमची क्रिया करून धातू मिळविण्याची पद्धत सिद्ध केली. तेव्हापासून त्याच्या औद्योगिक उत्पादनाचा मार्ग खुला झाला.

टिटॅनियम पाण्याच्या साडेचारपट जड आहे. पोलाद सुमारे पावणेआठपट. तरीही मजबुतीत टिटॅनियमचे काही मिश्रधातू पोलादाची बरोबरी करतात. गंजापासून त्याचे रक्षण मात्र एक अतिशय पातळ पटल करते. हवेचा किंवा पाण्याचा स्पर्श होताच धातूवर ऑक्साइडाचा थर बसतो. ओरखडा पडला तरी ओलावा वा ऑक्सिजन असल्यास तो तत्काळ भरून निघतो.

येथेच सावधगिरीचे कारण आहे. पूर्णपणे कोरड्या क्लोरीनमध्ये हे पटल पुन्हा तयार होत नाही, आणि धातू पेटही घेऊ शकतो. ओल्या क्लोरीनमध्ये वर्षानुवर्षे टिकणारा जोड कोरड्या क्लोरीनमध्ये असा धोक्याचा ठरतो. म्हणजे ज्या पाण्यामुळे लोखंड गंजते, तेच पाणी येथे रक्षक होते.

जोडकामातही काळजी लागते. तापलेले टिटॅनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ बनते. म्हणून वेल्डिंग करताना जोडाच्या आतबाहेर आर्गॉन वायूचे आवरण ठेवतात. जोड रुपेरी दिसला तर आवरण चांगले होते. करडा वा पांढरट भुकटीसारखा थर दिसला तर तो जोड काढून टाकावा लागतो. खाऱ्या पाण्यात टिटॅनियमला साध्या पोलादाचा जोड थेट लावल्यास ते पोलाद अधिक वेगाने गंजते. म्हणून दोन धातूंमध्ये विद्युत्‌रोधक घालतात.

भारतात टिटॅनियमचे खनिज इल्मेनाइट केरळातील चवरा येथील किनाऱ्यावर, तसेच रत्नागिरीच्या वाळूतही सापडते. चवरा येथे २०११ मध्ये टिटॅनियम स्पंज, म्हणजे सच्छिद्र स्वरूपातील धातू, बनविणारा कारखाना सुरू झाला. वाळूपासून नळापर्यंतचा प्रवास लांबचा व खर्चाचा आहे; म्हणून कोणत्या द्रवासाठी कोणता धातू, हा विचार नळ टाकण्यापूर्वीच करावयाचा असतो.