प्रकल्प मांडण्याचा अधिकार कोणाचा? नागरी नियोजनातील एक कळीचा प्रश्न

रायपूरमधील तात्यापारा ही शहराच्या जुन्या भागातील वस्ती. समजा, येथे सार्वजनिक वाचनालयासाठी इमारत उभारावयाची आहे. ही मागणी कोणीही नागरिक करू शकतो. परंतु मागणीचे रूपांतर शासकीय प्रकल्पात करण्याचा अधिकार सर्वांना नसतो. तो कोणाकडे असावा, यावर खर्चाची दिशा आणि उत्तरदायित्व दोन्ही अवलंबून असतात.

या प्रश्नाचा पाया राज्यघटनेत आहे. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तीत नगर नियोजनासह १८ विषय आहेत. ३ लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रात वॉर्ड समित्या स्थापन करण्याची तरतूद अनुच्छेद २४३-एस मध्ये आहे. रायपूर महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १० लाखांवर होती.

स्मार्ट सिटी अभियानाने (२०१५ ते मार्च २०२५) याहून वेगळी रचना आणली. मे २०१६ मध्ये निवडलेल्या शहरांत रायपूरचा समावेश होता. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक शहरात राज्य शासन व नागरी संस्था यांच्या समान भागभांडवलाची कंपनी प्रकल्पांचे नियोजन, मंजुरी व अंमलबजावणी करू लागली. निर्णय वेगाने व्हावेत, हा हेतू होता. मात्र निर्वाचित सभागृहाचे स्थान दुय्यम होते, असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला.

खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेत अधिकारांची विभागणी अधिक स्पष्ट आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक खासदारास वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतच्या कामांची शिफारस करता येते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार हे काम 'ई-साक्षी' या संगणकीय प्रणालीवर चालते. शिफारस खासदार करतात, पात्रता तपासून मंजुरी जिल्हा प्राधिकरण देते आणि बांधकाम अंमलबजावणी यंत्रणा करते. शिफारस करणाऱ्यास मंजुरी देता येत नाही. मंजुरी देणाऱ्यास स्वतःच्या इच्छेने शिफारस निर्माण करता येत नाही.

संगणकीय व्यवस्थापनात यास भूमिकाधारित प्रवेशाधिकार म्हणतात. कोणालाही नोंद करू दिल्यास एकच काम दोनदा नोंदले जाण्याचा आणि निधी नसताना कामे वाढण्याचा धोका असतो. उलट, अधिकार एकाच हाती राहिल्यास वस्तीच्या गरजा नोंदीपर्यंत पोहोचत नाहीत. शिवाय परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती गेल्यास कागदावरील विभागणी निरर्थक ठरते. नोंद एकाच्या नावे, निर्णय मात्र दुसऱ्याचा, अशी स्थिती उद्भवते.

म्हणून मागणीचे दार सर्वांना खुले, प्रस्तावाचा अधिकार निर्वाचित प्रतिनिधींना, मंजुरी स्वतंत्र प्राधिकरणाला आणि प्रत्येक टप्प्याची नोंद जनतेस पाहता येईल अशी, ही रचना समतोल ठरते. वेग आणि लोकशाही उत्तरदायित्व यांचा मेळ घालणे, हेच विकेंद्रित नियोजनापुढील खरे आव्हान होय.