जुना खेळ नव्याने घडवताना : काय ठेवावे, काय बदलावे?



घरी आई-बाबांना किंवा मामाला एकदा विचारा, "तुम्ही लहानपणी टीव्हीवर कोणता खेळ खेळत होता?" पुष्कळ जण 'मारिओ'चे नाव घेतील. १९९० च्या दशकात आपल्याकडे 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांचे व्हिडिओ गेम मिळत. ते टीव्हीला जोडायचे, वरच्या खाचेत कॅसेट बसवायची, की खेळ सुरू. ज्यांना तेव्हा संगणक हाताळायला मिळाला, ते 'डेव्ह' आणि 'प्रिन्स'ची आठवण काढतील.

या तिन्ही खेळांत एक गोष्ट समान आहे. धावायचे, उडी मारायची, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जायचे आणि खड्ड्यात पडायचे नाही. अशा खेळांना 'प्लॅटफॉर्म गेम' म्हणतात. अंगणात घरे आखून आपण लंगडी घालतो आणि रेषेवर पाय पडला की बाद होतो. तीच गंमत येथे पडद्यावर आली. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोटो यांनी 'डाँकी काँग' हा उड्या मारण्याचा खेळ तयार केला आणि १९८५ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला.

ती जुनी यंत्रे आज बहुतेक घरांतून गेली. पण जगभरातील चाहते असे खेळ आजच्या संगणकावर पुन्हा उभे करत आहेत. हे काम करताना त्यांच्यापुढे पावलोपावली एक प्रश्न येतो : जुन्यातले काय ठेवायचे आणि काय बदलायचे? आजच्या पाठात आपण हाच प्रश्न समजून घेऊ.

१. काही गोष्टी नाइलाजाने आल्या

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सगळा खेळ केवळ ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. आज मोबाईलने काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांना एकच चित्र वापरले, फक्त रंग बदलला. मारिओला टोपी का? इतक्या थोड्या ठिपक्यांत केस काढणे अवघड होते. मिशी का? नाक वेगळे दिसावे म्हणून.

२. काही गोष्टी विचारपूर्वक आल्या

१९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवा. तो जॉर्डन मेकनर यांनी बनवला. आपल्या धाकट्या भावाला त्यांनी धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणून राजपुत्राला माणसासारखे वजन आहे. त्याला थांबायला वेळ लागतो, लांब उडीसाठी आधी धाव घ्यावी लागते. मारिओ चेंडूसारखा उसळतो, तर राजपुत्र जपून पाऊल टाकतो. उद्या कोणी राजपुत्राला मारिओसारखे उसळायला लावले, तर खेळ सोपा होईल, पण मग तो 'प्रिन्स' राहणार नाही.

३. काही गोष्टी नाइलाजाने आल्या आणि खेळाचा प्राण झाल्या

राजपुत्राला शत्रू हवा होता. पण संगणकाची स्मृती संपत आली होती, नवीन पात्राची चित्रे ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मेकनर यांनी राजपुत्राचीच चित्रे थोडी सरकवून स्वतःवरच उलटवली आणि त्यातून एक चमकती सावली तयार झाली. आरशातून बाहेर पडणारी ही सावली पुढे राजपुत्राला छळते. शेवटी तिच्याशी लढून भागत नाही. तलवार म्यान केली, तरच दोघे एक होतात. ज्यांनी हा खेळ खेळला, त्यांना ही जागा हमखास आठवते.

म्हणून "हे जुने, ते अडचणीमुळे आले, काढून टाका" असे घाईने म्हणता येत नाही. आधी ती गोष्ट खेळात काय काम करते, ते पाहावे लागते.

४. मग बदलायचे काय?

'प्रिन्स'मध्ये राजकन्येला सोडवायला साठ मिनिटे मिळतात. मेलात तर पुन्हा मागून सुरुवात, आणि घड्याळ मात्र पुढेच चालते. चाहत्यांनी 'एसडीएल-पॉप' नावाने हा खेळ आजच्या संगणकांसाठी पुन्हा तयार केला. त्यात हवे तेथे खेळ जतन करण्याची सोय दिली. पण मग साठ मिनिटांची धास्ती कशी टिकणार? म्हणून जतन केलेल्या जागी परत गेल्यास उरलेल्या वेळातून काही वेळ कापण्याची सोयही ठेवली. मूळ खेळातील चुका दुरुस्त केल्या, पण ती दुरुस्ती हवी की नको, हे खेळणाऱ्यावर सोपवले. ज्याला जुन्या चुकांसह खेळायचे आहे, त्याने तसे खेळावे.

आणखी एक बदल डोळ्यांना दिसत नाही. फळीच्या कडेवरून पाय सुटल्यावर निमिषभर, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ, उडी मारायची मुभा देतात. खेळणाऱ्याला वाटते, "मी अगदी वेळेवर उडी मारली!" जुन्या खेळाची कठोरता आणि नव्या खेळाडूची उमेद, दोन्ही यातून सांभाळली जातात.

५. परवानगीचा प्रश्न

खेळ चाहत्याने घडवला, तरी त्यातील पात्रे आणि नाव मूळ कंपनीचे असते. याची दोन उदाहरणे पाहा.

मिल्टन ग्वास्ती या अर्जेंटिनाच्या चाहत्याने १९९१ चा 'मेट्रॉइड २' हा खेळ कित्येक वर्षे खपून नव्याने केला. मूळ खेळ रंगीत नव्हता आणि त्यात नकाशाही नव्हता. त्याने रंग भरले, नकाशा दिला. ६ ऑगस्ट २०१६ रोजी खेळ प्रसिद्ध झाला आणि निन्टेन्डोच्या हरकतीमुळे काही दिवसांतच तो उतरवावा लागला.

दुसरे उदाहरण क्रिश्चन व्हाइटहेड या ऑस्ट्रेलियन चाहत्याचे. 'सॉनिक' हा १९९१ चा सेगा कंपनीचा खेळ. व्हाइटहेड यांचे काम पाहून सेगाने त्यांना बोलावून घेतले, आणि २०१७ साली त्यांच्यासह इतर चाहत्यांनी घडवलेला 'सॉनिक मेनिया' कंपनीनेच बाजारात आणला. त्यात वेग आणि ठिपक्यांची चित्रे जुन्या वळणाची ठेवली, पण पडदा रुंद केला आणि एक नवी चालही दिली.

पहिल्याचे श्रम वाया गेले का? नाही. पुढे ग्वास्ती यांना याच क्षेत्रात काम मिळाले. पण आपली कलाकृती उघडपणे लोकांपुढे ठेवता येत नाही, याचे दुःख मोठे असते. म्हणून तुम्ही खेळ बनवाल, तेव्हा युक्ती जरूर शिका, पण पात्र स्वतःचे घडवा.

चाहत्यांचे काम गरजेचे का आहे, तेही लक्षात घ्या. 'प्रिन्स'चा मूळ प्रोग्रॅम खुद्द मेकनर यांच्याकडूनही हरवला होता. २०१२ साली त्यांच्या वडिलांना जुन्या खोक्यात फ्लॉपी सापडल्या, आणि जुन्या संगणकांच्या जाणकारांनी त्या वाचून दिल्या. आणखी काही वर्षे गेली असती, तर कदाचित काहीच हाती लागले नसते.

आपल्या शेजारच्या निर्मलची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. तेथील कारागीर पूर्वी वनस्पती आणि खनिजांपासून रंग करत, आता बाजारचे तयार रंग वापरतात. लाकूड मात्र तेच हलके, मऊ पोनिकीचे. कारण कोरीव कामाची नजाकत त्या लाकडावर उभी आहे. रंग बदलला तरी ती निर्मलचीच खेळणी राहिली. जुने जपायचे, तर त्यातले लाकूड कोणते आणि रंग कोणता, हे आधी ओळखावे लागते.

स्वाध्याय

१. मारिओची मिशी आणि प्रिन्सची सावली या दोन्ही गोष्टी अडचणीतून आल्या. त्यांपैकी कोणती बदलली तर खेळ अधिक बदलेल? कारण लिहा.

२. खेळ जतन केल्याबद्दल वेळ कापणे तुम्हाला योग्य वाटते का? मित्राशी चर्चा करा.

३. उपक्रम : मारिओच्या पडद्यावर आडव्या १६ व उभ्या १५ चौकटी मावतात. चौकटींच्या वहीत तेवढी जागा आखा. त्यात फळ्या, खड्डे आणि स्वतःचे पात्र फक्त तीन रंगांत काढा. मग घरातील मोठ्यांना दाखवा आणि त्यांच्या लहानपणीच्या खेळातले काय राहिले, काय बदलले, ते विचारून खाली लिहा.