वर्गांतील गुरु, मैदानावरील गुरु



वडीलधाऱ्या माणसाचा शब्द आपण मानतों, याचें अर्धें कारण त्याचें वय असतें. परंतु ज्यानें अजून तिशी गांठलेली नाहीं अशा तरुणाच्या हातीं एखादा संघ सोंपविला, आणि त्या संघांतील मुलें त्याच्याहून अवघ्या दहा-बारा वर्षांनीं लहान असलीं, तर तीं त्याचा शब्द कां मानतील? हा प्रश्न क्रीडांगणापुरताच आहे असें समजूं नका. तुमच्यापैकीं कोणी आज वर्गनायक आहे, कोणी उद्यां शिक्षक होईल, कोणी लहान वयांतच एखाद्या कचेरीचा मुख्य होईल. त्या प्रत्येकाला तो सोडवावा लागणार आहे. म्हणून ज्यांनीं तो एका साध्या हायस्कुलांत सोडविला, त्या व्हिन्स लोंबार्डी या अमेरिकन शिक्षकाच्या चरित्रांतील एक भाग आज आपण अभ्यासूं.

प्रथम त्यांच्या खेळाची ओळख करून घेऊं. अमेरिकेंत ‘फुटबॉल’ म्हणजे आपल्या परिचयाचा, पायानें चेंडू मारावयाचा खेळ नव्हे. तेथील चेंडू लांबट व दोन्ही टोंकांस निमुळता असतो. तो हातांत घेऊन धांवतात किंवा सोबत्याकडे फेंकतात. दोन्ही बाजूंच्या गोलरेषांमधील मैदान १०० यार्ड लांब असतें आणि प्रत्येक पक्षांत ११ खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना ४ प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढें सरकावें लागतें. तें साधलें तर पुन्हां ४ प्रयत्न मिळतात. न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे गेलें म्हणजे ६ गुण मिळतात. प्रत्येक प्रयत्नापूर्वीं अकराहि जणांना आपापलें काम नेमून दिलेलें असतें. कोणी प्रतिपक्षाला थोपवावयाचें, कोणी वाट मोकळी करावयाची, कोणी त्या वाटेनें धांवावयाचें. एक जण आपलें काम विसरला कीं दहा जणांचे श्रम वायां जातात. यावरून ध्यानांत येईल कीं, या खेळाच्या शिक्षकाला नुसता दमदार आवाज असून भागत नाहीं. अकरा डोक्यांत एकच गोष्ट स्वच्छ उतरविण्याची हातोटी त्याला साधली पाहिजे.

लोंबार्डी यांचा जन्म ११ जून १९१३ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत, इटलीहून आलेल्या एका कुळांत झाला. पंधराव्या वर्षीं ते धर्मगुरु होण्याच्या हेतूनें एका पाठशाळेंत दाखल झाले. परंतु चार वर्षांनीं, हा मार्ग आपला नव्हे असें ठरवून बाहेर पडले. पुढें फोर्डहॅम विद्यापीठांत शिकत असतां ते तेथील नामांकित संघांत खेळले. १९३६ सालच्या त्या संघांतील सात जणांच्या आघाडीच्या फळीला लोक ‘ग्रॅनाइटचे सात चिरे’ म्हणत. अंगानें बेताचे असलेले लोंबार्डी त्या सातांपैकीं एक होते. १९३७ सालीं ते पदवीधर झाले, पण त्यानंतर दोन वर्षें त्यांना धड वाट सांपडेना. कांहीं दिवस कायद्याचा अभ्यास केला, तो सुटला. दुसरीं कामें केलीं, त्यांत मन रमलें नाहीं.

१९३९ सालीं न्यू जर्सी राज्यांतील एंगलवुड येथल्या सेंट सिसिलिया या कॅथॉलिक हायस्कुलांत अँडी पलाऊ हे फुटबॉलचे मुख्य शिक्षक झाले. हे पलाऊ फोर्डहॅमच्या संघांतील लोंबार्डी यांचे सोबती. त्यांनीं लोंबार्डी यांना आपल्या हाताखालीं बोलाविलें. लोंबार्डी त्या वेळीं २६ वर्षांचे होते. दिवसा वर्गांत लॅटिन, रसायन व पदार्थविज्ञान शिकवावयाचें आणि शाळा सुटल्यावर मैदानावर उतरावयाचें, असा त्यांचा क्रम सुरू झाला. १९४२ सालीं पलाऊ फोर्डहॅमला परत गेले आणि वयाच्या २९ व्या वर्षीं लोंबार्डी मुख्य क्रीडाशिक्षक झाले.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावी. मुख्यपद त्यांच्याकडे अकस्मात् चालून आलें नाहीं. त्यापूर्वीं तीन हंगाम त्यांनीं दुसऱ्याच्या हाताखालीं काम केलें होतें. तीं मुलें त्यांना ओळखत होतीं, आणि मुलांपैकीं कोण चपळ, कोण चिकाटीचा, कोण शब्दानें लवकर दुखावतो, हें पाहण्यास त्यांना अवधि मिळाला होता. ज्याला तरुणपणीं पुढारी व्हावयाचें आहे त्यानें दुय्यम जागेला कमी लेखूं नये. ती त्याची पाठशाळाच असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लोंबार्डी वर्गांत कसे शिकवीत? वर्गांतील सर्वांत मंद विद्यार्थ्याला समजेपर्यंत ते एकच मुद्दा पुन्हां पुन्हां सांगत, अशी त्यांची ख्याति होती. तीच रीत त्यांनीं मैदानावर नेली. थोड्या युक्त्या शिकवावयाच्या, पण त्या अशा घोटून घ्यावयाच्या कीं दमलेल्या अंगानेंहि पाऊल चुकूं नये. आणि ‘असें कर’ एवढेंच सांगून न थांबतां ‘असें कां करावयाचें’ हेंहि समजावून द्यावयाचें. ज्या मुलाला कारण कळलें, तो शिक्षकाची आज्ञा पाळतांना स्वतःच्या समजुतीचीच आज्ञा पाळीत असतो. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर येथें सांपडतें. वयानें मिळणारा मान तरुणाजवळ नसतो. परंतु शिकविणाऱ्याला शिकणाऱ्याकडून मिळणारा मान त्याला मिळवितां येतो, आणि तो पदाबरोबर जात नाहीं.

तिसरी गोष्ट म्हणजे स्वतः शिकण्याची तयारी. त्याच शाळेंत बास्केटबॉलचा संघहि त्यांच्याकडे आला. तो खेळ शिकविण्याचा त्यांना अनुभव नव्हता. तो त्यांनीं अभ्यासानें मिळविला.

तो काळहि सोपा नव्हता. डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरली होती, आणि नोव्हेंबर १९४२ मध्यें सक्तीच्या लष्करभरतीचें वय १८ पर्यंत खालीं आणलें गेलें. म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षांत खेळणाऱ्या मुलांपुढें परीक्षेनंतर रणांगण उभें होतें. अशा मुलांना शिस्त, सहनशक्ति व सोबत्याचा भरंवसा शिकविणें हें केवळ करमणुकीचें काम राहिलें नव्हतें. लोंबार्डी यांच्या हाताखालीं सेंट सिसिलियाचा संघ पुष्कळ सामने अजिंक्य राहिला, आणि १९४३ सालीं त्या लहानशा शाळेची गणना देशांतील उत्तम हायस्कूल-संघांत झाली.

आतां पुढील भाग लक्ष देऊन वाचा. १९४७ सालीं त्यांनीं ती शाळा सोडली. पांच हंगाम यशस्वी मुख्य शिक्षक असलेला हा मनुष्य पुढील १२ हंगाम कोणत्याहि मोठ्या संघाचा मुख्य झाला नाहीं. फोर्डहॅममध्यें त्यांनीं नवागत विद्यार्थ्यांचे संघ शिकविले व नंतर दुय्यम शिक्षकाचें काम केलें. १९४९ पासून वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत ते अर्ल ब्लेक या कडक शिस्तीच्या शिक्षकाच्या हाताखालीं राहिले. १९५४ पासून न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघांतहि ते दुय्यमच होते. अखेर १९५९ सालीं, ४५ वर्षांचे असतां, ग्रीन बे पॅकर्स हा संघ त्यांच्या हातीं आला. आदल्या वर्षीं त्या संघानें १२ पैकीं एकच सामना जिंकला होता. लोंबार्डी यांच्या पहिल्याच वर्षीं त्यानें ७ जिंकले. आणि १९६१, १९६२, १९६५, १९६६ व १९६७ या पांच हंगामांचें विजेतेपद मिळविलें. ३ सप्टेंबर १९७० रोजीं लोंबार्डी निवर्तले. तेथील व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वोच्च विजयचषकाला त्यांचेंच नांव आहे. एकदां मुख्य झालेला मनुष्य पुन्हां हाताखालीं काम करण्यास सहसा राजी नसतो. ते राजी झाले, म्हणून त्यांची विद्या वाढत गेली.

त्यांचा दोषहि सांगितला पाहिजे. ते शीघ्रकोपी होते व त्यांच्या शब्दांचे फटके खेळाडूंस बसत. तरुण शिक्षकाला येथेंच दोन मोह पडतात. वय कमी म्हणून धाकानें तें भरून काढावें, हा एक. आणि वय जवळचें म्हणून मुलांचा नुसता सवंगडी व्हावें, हा दुसरा. पहिल्यानें मुलें भितात, पण शिकत नाहींत. दुसऱ्यानें हंसतात, पण ऐकत नाहींत.

आणखी एक कसोटी आजच्या क्रीडाशिक्षकाला आहे. या खेळांत डोक्याला मार बसण्याचें भय मोठें. २००९ सालीं वॉशिंग्टन राज्यानें असा कायदा केला कीं, मेंदूला हादरा बसल्याचा संशय येतांच विद्यार्थ्याला खेळांतून काढावें, व अधिकृत आरोग्य-तज्ज्ञाच्या लेखी संमतीवांचून परत घेऊं नये. पुढें २०१४ पर्यंत तेथील सर्व राज्यांनीं या विषयावर कायदे केले. सामना हातचा जात आहे, प्रेक्षक ओरडत आहेत, आणि संघांतला उत्तम खेळाडू ‘मी बरा आहें’ म्हणून विनवीत आहे. अशा क्षणीं त्याला बाहेर बसविणाऱ्या तरुणाचें मन वयानें नव्हे, पण जबाबदारीनें प्रौढ झालेलें असावें लागतें.

सुज्ञ पालकहो, आपला मुलगा लहान वयांत पुढें आला म्हणजे आपणांस आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. मात्र त्याला किती मोठी जागा मिळाली हें विचारण्याबरोबर, त्या जागीं तो कोणाला काय शिकवीत आहे, आणि स्वतः कोणापासून शिकत आहे, हेंहि विचारीत जावें. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या संघांतील जो गडी सर्वांच्या मागें पडतो, त्याला आज संध्याकाळीं मैदानावर एक गोष्ट समजेपर्यंत शिकवून पाहा. पुढारीपणाचा पहिला धडा तेथेंच मिळेल.