ट्रक दोन, माल एकाचा

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे, दुचाकीचे सुटे भाग बनवतो. माल घेणारी मोठी कंपनी आता वाहतुकीतल्या कार्बनचाही हिशेब मागते. ट्रक ट्रान्सपोर्टवाल्याचा, मग हिशेब आम्ही का द्यायचा? आणि शेजारच्या कारखान्याचा अर्धा ट्रक आमच्या अर्ध्या ट्रकामागोमाग त्याच गेटवर जातो. दोघांचा माल एका गाडीत का जात नाही?
– एक वाचक, बजाजनगर

उत्तर : ट्रक किती धूर सोडणार, हे ट्रान्सपोर्टवाल्याच्या हातात फार कमी असते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. समजा, माल २०० किलोमीटरवर, चाकणच्या बाजूला जायचा आहे. भरलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर चालला तर ५० लिटर लागेल. अर्धा भरलेला ५ किलोमीटर चालला तरी ४० लिटर लागेलच. माल निम्मा झाला म्हणून गाडीचे स्वतःचे वजन घटत नाही, वाराही कमी अडवत नाही. म्हणजे दोन अर्ध्या ट्रकांना ८० लिटर, एका भरलेल्याला ५०. एका खेपेत सुमारे ८० किलो कार्बन डायऑक्साइड वाचला, तोही नवी गाडी न घेता.

मग ट्रक अर्धे का जातात? १९८५मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि भोवती सुट्या भागांचे कारखाने वाढत गेले. जुळणी करणारे कारखाने साठा कमी ठेवतात, माल ठरल्या वेळी मागतात. उशीर झाला तर लाइन थांबते. या धास्तीने जो तो हाती असेल तेवढा माल आपापल्या गाडीत घालून पाठवतो. अर्धा ट्रक तुमच्या दारातून निघतो, पण तो ठरतो ग्राहकाच्या वेळापत्रकात. म्हणूनच पुरवठादाराकडून येणाऱ्या मालाच्या वाहतुकीचा धूर ग्राहक कंपनीच्या ‘स्कोप ३’मध्ये, म्हणजे तिच्यासाठी पण तिच्या कारखान्याबाहेर होणाऱ्या उत्सर्जनात मोजतात. तुमच्याकडे मागितली जाते ती त्यासाठीची माहिती.

यावर उपाय ‘मिल्क रन’. दूध संघाची गाडी गावोगाव थांबून कॅन उचलते, तशी एकच गाडी चार कारखान्यांतून माल घेते आणि परतताना रिकामे क्रेट पोचवते. क्रेट घडीचे असतील तर परतीला जागा उरते आणि दुसरे भाडे घेता येते. कागदपत्रांची अडचण नाही. एका गाडीतल्या अनेक मालांसाठी एकत्रित ई-वे बिलाची सोय आहे. निर्यातीतही हेच. एकट्याच्या मालाने कंटेनर भरत नसेल तर चौघांनी मिळून भरावा आणि शक्य असेल तर रेल्वेने बंदरावर पाठवावा. टनामागे रेल्वेला ट्रकपेक्षा बरीच कमी ऊर्जा लागते.

खरी अडचण भरवशाची. शेजारी बहुधा स्पर्धकही असतो. आपण किती माल देतो हे त्याला कळू नये असे वाटते. एकाचा माल तयार नसला तर उशिराचा दंड कोणी सोसायचा, हाही प्रश्न. म्हणून गाडी तिसऱ्याच्या हाती असावी : त्याला क्रेटची संख्या, वजन आणि वेळ कळली की पुरे. गाडी किती मिनिटे थांबेल आणि चुकलेला माल कोणाच्या खर्चाने जाईल, हे आधीच लिहून ठेवावे. धुराची वाटणी वजन आणि अंतराच्या गुणाकारावर करता येते. २०२३च्या आयएसओ १४०८३ या मानकाचा पायाही तोच.

मात्र गेटवरची वेळ दोन पुरवठादार आपसांत बदलू शकत नाहीत. कार्बनचा तक्ता भरून पाठवाल तेव्हा शेजाऱ्याच्या सहीसह एक अर्जही जोडा : आम्हा दोघांना एकच वेळ द्या.