प्रथिन कमी झालं, पण कशानं?

चि. मुक्ता,

पहिल्याच स्क्रीनमध्ये ब्लॉटवरचे बँड पुसट झाले, हे वाचून फार आनंद झाला. पण मॉलिक्युलर ग्लू, म्हणजे प्रथिनाला सेरेब्लॉनसारख्या लायगेज-घटकाशी जोडून मोडायला लावणारा रेणू, सापडला असं गाइडना सांगण्याआधी थोडी थांब.

प्रोटिअसोम अडवून बघ, नेडिलेशन रोखून बघ, सेरेब्लॉन काढलेल्या पेशींत बघ. प्रथिन परत दिसलं तरी निश्चिंत होऊ नकोस. सेरेब्लॉनला चिकटणारे कित्येक रेणू जीएसपीटी१ हे प्रथिन मोडतात. ते गेलं की पेशीतलं प्रथिन बनणंच मंदावतं आणि एमसीएल१सारखी अल्पायुषी प्रथिनं ओसरतात. तुझ्या तिन्ही चाचण्यांत जीएसपीटी१सुद्धा वाचतं, त्यामुळे ही फसगत त्यांतून उघडी पडत नाही. म्हणून जीएसपीटी१ स्वतंत्र मोज, एमआरएनए तपास आणि औषध दिल्यावर पहिल्या काही तासांतच सगळ्या प्रथिनांचं प्रोटिओमिक्स करून घे. चोवीस तासांनी पेशी मरायला लागल्यावर काहीही दिसू शकतं.

उलटंही घडतं. सेरेब्लॉन नसतानाही प्रथिन मोडलं, पण नेडिलेशन रोखल्यावर वाचलं, तर तो रेणू टाकून देऊ नकोस. उदाहरणार्थ, सीआर८ हा जुना कायनेज इनहिबिटर. २०२० मध्ये एबर्ट यांच्या गटानं ४,५१८ रेणूंची ५७८ कर्करोगी पेशीवाणांवरची माहिती लायगेजच्या घटकांच्या पातळीशी ताडून पाहिली, तेव्हा त्याचं खरं काम कळलं. तो सीडीके१२ला थेट लायगेजमधल्या डीडीबी१शी जोडतो आणि सीडीके१२च्या जोडीचं सायक्लिन के नष्ट होतं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. कपाटातल्या जुन्या रेणूंकडे तूही नव्यानं बघ.

आणखी काय मोडतंय, हे शोधायचा कंटाळा करू नकोस. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड १९६१ मध्ये मागे घेतलं, तोवर दहा हजारांहून अधिक बाळांना इजा झाली होती. ते सेरेब्लॉनला चिकटतं हे टोकियोत हांडांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं. थॅलिडोमाइडमुळे बाळाच्या वाढीला लागणारं एसएएलएल४ हे प्रथिन मोडतं, हे कळायला २०१८ उजाडलं. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये नेमक्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं असल्यानंही तिथे हे औषध निरुपद्रवी भासतं. तेव्हा तुझ्या रेणूंचा निवाडा साध्या उंदरांवर करू नकोस. मानवी पेशी वापर.

जीएसपीटी१चे आकडे आले की लगेच फोन कर. रात्र झाली असली तरी चालेल.

तुझी,
मावशी