वेगाविना कसोटी : ट्रायलची मोटारसायकल आणि तिचे चालनतंत्र

मोटारसायकलची स्पर्धा म्हटली की वेग, कर्णकर्कश आवाज आणि धुळीचे लोट डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु या वाहनाची एक स्पर्धा अशीही आहे, की जिच्यात सर्वांच्या आधी पोहोचणाऱ्याला सहसा कोणताही लाभ मिळत नाही. पायी चालणारा माणूसही मागे टाकील इतक्या संथ गतीने स्वार ओढ्यातील शेवाळलेल्या धोंड्यांवरून, झाडांच्या उघड्या मुळांवरून आणि चिखलाच्या चढावरून आपले वाहन नेतो. एवढे करताना त्याचा पाय जमिनीला लागता कामा नये, हीच त्याची परीक्षा. या क्रीडाप्रकाराला ‘ट्रायल’, म्हणजे कसोटी, असे नाव आहे.

हे नाव मुळात स्वाराला नव्हे, तर यंत्राला उद्देशून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकल हे बेभरवशाचे वाहन होते आणि ते डोंगराळ रस्ता पार करू शकेल की नाही, हेच आधी पाहावे लागे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात १९०९ मध्ये अशी पाच दिवसांची कसोटी झाली. १९११ पासून ती सहा दिवसांची झाली आणि ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ या नावाने प्रसिद्धी पावली. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात आल्फ्रेड अँगस स्कॉट या कारखानदाराने १९१४ मध्ये आपल्या कामगारांना शिप्ले येथील कारखान्यापासून बर्नसॉलपर्यंत आडरानातून मोटारसायकली नेण्याचे आव्हान दिले; त्यातून ‘स्कॉट ट्रायल’ जन्मास आली. या एका ट्रायलीत मात्र वेळही मोजली जाते. पुढे यंत्रे भरवशाची झाली आणि परीक्षेचा रोख यंत्रावरून स्वाराकडे वळला.

गुणदानाची पद्धत

ट्रायलीच्या मार्गावर ठिकठिकाणी अवघड जागा निवडून त्यांच्या दोन्ही बाजू खुणांनी आखून घेतात. अशा प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक उभा असतो. स्वाराने पाय न टेकता टप्पा पार केला तर त्याच्या नावावर शून्य लागते. एकदा पाय टेकल्यास एक, दोनदा टेकल्यास दोन आणि त्याहून अधिक वेळा टेकल्यास तीन दंडगुण होतात. स्वार पडला किंवा आखलेल्या सीमेबाहेर गेला तर पाच. शेवटी ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी. मधेच थांबण्याची मुभा असावी की नसावी, याविषयीचे नियम मात्र वेळोवेळी आणि ठिकठिकाणी बदलत आले आहेत.

या नियमांतून एक गोष्ट आपोआप निष्पन्न होते. येथे सामर्थ्यापेक्षा पकडीला महत्त्व आहे. इंजिन कितीही जोरकस असले, तरी मागच्या चाकाची जमिनीवर पकड नसेल तर तो जोर वाया जातो. एकमेकांवर न घसरणाऱ्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण हे घसरणाऱ्या पृष्ठभागांमधील घर्षणापेक्षा सामान्यतः अधिक असते. म्हणून चाक जोवर जमिनीला धरून फिरते तोवर ते वाहनाला पुढे ढकलते. ते जागच्या जागी गरगरू लागले, की पकड सुटते, गती जाते आणि नाइलाजाने पाय खाली येतो. ट्रायलीच्या मोटारसायकलीची सारी रचना आणि स्वाराचे सारे तंत्र या एका तत्त्वाभोवती फिरते.

यंत्रातील दोन मोठी वळणे

यंत्राच्या निवडीविषयीच्या समजुती कशा बदलत गेल्या, हे दोन उदाहरणांवरून दिसून येईल. पहिल्याशी भारतीय वाचकाचा परिचय आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे ट्रायलीच्या मोटारसायकलींना मागच्या बाजूस स्प्रिंगा नसत. मागचे चाक चौकटीला पक्के जखडलेले असले तरच जमिनीवर चांगली पकड मिळते, अशी जाणत्यांची ठाम समजूत होती. १९४८ मध्ये रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीने मागचे चाक झुलत्या भुजेवर बसवलेल्या आपल्या नव्या ‘बुलेट’ मोटारसायकली कोल्मोर कप ट्रायलीत उतरवल्या, तेव्हा हा प्रकार अनेकांना चमत्कारिक वाटला. वस्तुतः खडकावरून उसळलेले चाक स्प्रिंगांमुळे लवकर जमिनीवर परत येते आणि जमिनीवर असलेले चाकच पकड देऊ शकते. पुढे १९५२ मध्ये जॉनी ब्रिटन याने ३५० सी.सी.च्या बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली आणि १९५७ मध्ये रॉयल एनफील्डवरच तो पुन्हा विजयी झाला. हळूहळू इतर कारखानदारांनीही हीच रचना स्वीकारली. १९५५ पासून मद्रास येथे एनफील्ड इंडियाने ज्या बुलेटची जुळणी सुरू केली आणि जी पुढे भारतीय रस्त्यांवर सर्वपरिचित झाली, तिच्या मागच्या स्प्रिंगांची परीक्षा अशा रीतीने इंग्लंडच्या चिखलात होऊन गेली होती.

दुसरे वळण वजनाचे. उत्तर आयर्लंडचा सॅमी मिलर हा एरियल कंपनीच्या ५०० सी.सी.च्या मोटारसायकलीवर वर्षानुवर्षे अजिंक्य होता. आपल्या यंत्रातील एकेक भाग बदलून, पोकळ करून किंवा हलक्या धातूचा बसवून त्याने तिचे वजन सुमारे ११० किलोग्रॅमपर्यंत खाली आणले होते. याहून पुढे जाण्यास वाव उरला नव्हता. १९६४ च्या अखेरीस तो स्पेनमध्ये गेला. तेथे फ्रान्सिस्को हाविएर बुल्तो यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या बुल्ताको कंपनीकडे २५० सी.सी. वर्गाचे, दोन फटक्यांचे एक हलके इंजिन होते. मिलरने खडकाळ टेकड्यांवर प्रत्यक्ष चालवून पाहत चौकट, सुकाणूचा कोन आणि पायदांड्यांची जागा यांत बदल करून घेतले. त्यातून तयार झालेल्या ‘शेर्पा टी’ या मोटारसायकलीचे वजन ९० किलोग्रॅमच्या आसपास होते. १९६५ मध्ये तिच्यावर स्वार होऊन मिलरने स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. ब्रिटिश नसलेल्या यंत्राचा त्या स्पर्धेतील हा पहिलाच विजय होता.

या घटनेचे परिणाम दूरगामी ठरले. स्पेनमध्येच मोंतेसा आणि ओसा या कंपन्यांनीही ट्रायलीची हलकी यंत्रे काढली. १९६९ मध्ये बिल विल्किन्सन याने ग्रीव्हज या ब्रिटिश मोटारसायकलीवर तीच स्कॉटिश स्पर्धा जिंकली खरी. परंतु त्यानंतरच्या दशकात तेथील विजेत्यांची यंत्रे स्पॅनिश तरी होती, नाहीतर जपानी. १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिला विजेता मार्टिन लॅम्पकिन इंग्लंडचा होता, पण त्याची मोटारसायकल बुल्ताको होती. ज्या देशाने हा खेळ घडवला त्या देशाचे यंत्र त्यातून बाहेर फेकले गेले, ते जोर कमी पडला म्हणून नव्हे, तर वजन अधिक पडले म्हणून.

निवड कशी करावी

आजच्या ट्रायलीच्या मोटारसायकली साधारणतः ६५ ते ७५ किलोग्रॅम वजनाच्या असतात. बसण्यासाठी आसन जवळजवळ नसतेच, कारण स्वार टप्प्यात उभाच राहतो. इंधनाची टाकी दोनतीन लिटरची असते. इंजिनाचे पोट दगडावर आपटू नये म्हणून ते जमिनीपासून तीस सेंटिमीटरहून अधिक उंच ठेवतात आणि त्याखाली धातूची ढाल बसवतात.

नवशिक्याचे लक्ष प्रथम इंजिनाच्या आकाराकडे जाते. ही चूक होय. ३०० सी.सी.चे यंत्र जाणत्याच्या हाती वरदान असले, तरी मुठीच्या किंचित पिळण्याने ते नवशिक्याच्या हातून निसटते. मोठ्या माणसासाठी सौम्य स्वभावाचे २५० सी.सी.चे आणि किशोरवयीनासाठी १२५ सी.सी.चे यंत्र पुरेसे होते. दोन फटक्यांचे घ्यावे की चार फटक्यांचे, हा वाद जुना आहे. बेल्जियमच्या एडी लेज्यून याने १९८२ ते १९८४ अशी तीन वर्षे होंडाच्या चार फटक्यांच्या मोटारसायकलीवर जगज्जेतेपद मिळवले; तेव्हा दोहोंपैकी एकच खरा, असे म्हणता येत नाही. वापरलेले यंत्र घ्यायचे असल्यास क्लच सावकाश सोडल्यावर तो हळुवारपणे पकडतो की एकदम झटका देतो, चाकांचे आणि झुलत्या भुजेचे बेअरिंग खिळखिळे झाले आहेत काय, इंजिनाखालची ढाल किती चेपली आहे, एवढे तरी पाहून घ्यावे.

इंजिनापेक्षा अधिक विचार टायरांचा करावा. प्रचलित मापे पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाकाची आहेत. मागच्या टायरात हवेचा दाब दर चौरस इंचास अवघा चारपाच पौंड ठेवतात, पुढच्यात त्याहून थोडा अधिक. रस्त्यावरील मोटारसायकलीच्या टायरात तो बहुधा पंचवीस ते तीस पौंड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळेल. मऊ टायर दगडावर पसरतो, त्याचा आकार घेतो आणि त्याला जणू मिठी मारतो. अर्थात इतक्या कमी दाबाने डांबरी रस्त्यावर वेगात जाणे धोक्याचे असते. शिवाय, ट्यूब असलेल्या चाकात टायर रिमवरून सरकून व्हॉल्व्ह तुटू नये म्हणून त्याला जखडणारा बोल्ट बसवावा लागतो.

त्यानंतर हँडल आणि त्यावरील दांड्या. क्लच व ब्रेक यांच्या दांड्या प्रत्येकी एकाच बोटाने दाबता येतील अशा बेताने आत सरकवून आणि उभे राहिल्यावर मनगट सरळ राहील अशा किंचित खाली झुकवून बसवाव्यात. या दुरुस्तीला एक पानाही पुरतो. तरी तिचा लाभ नव्या इंजिनापेक्षा मोठा असतो.

हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे भक्कम बूट आणि हातमोजे यांवाचून सरावाला उतरू नये. मनगटाला बांधलेल्या दोरीने इंजिन बंद करणारा खटका अवश्य असावा, म्हणजे स्वार पडताच यंत्र आपोआप थांबते. मागच्या स्प्रॉकेटवर आच्छादन हवे; चिखलात रुतलेली मोटारसायकल ओढू लागणाऱ्या सोबत्याची बोटे त्यामुळे वाचतात.

चालनतंत्राची अंगे

उभे राहणे हा पहिला धडा. पायदांड्यांवर उभे राहून गुडघे किंचित वाकवावेत, कोपरे बाहेर ठेवावीत आणि दृष्टी पुढच्या चाकावर नव्हे, तर चारपाच हात पुढे ठेवावी. बसलेला स्वार आणि यंत्र मिळून एकच ओझे बनते. उभ्या स्वाराखाली मात्र यंत्र स्वतंत्रपणे डोलू शकते. भार हातांवर नसून पायांवर असावा. दर दोन मिनिटांनी हात दुखू लागत असतील, तर भार चुकीच्या जागी आहे असे समजावे.

दुसरा धडा वळणाचा. वेगवान शर्यतीत स्वार वळणाच्या आतल्या बाजूला झुकतो. ट्रायलीत वेग नसल्यामुळे नेमके उलट करावे लागते : यंत्र आत झुकवायचे आणि शरीर बाहेर ठेवायचे. बाहेरच्या पायदांडीवर भार दिला की तोल साधतो आणि टायर घसरत नाही.

तिसरा धडा चढाचा. गती चढाच्या पायथ्याशी मिळवायची असते, मध्यावर नव्हे. निसरड्या चढावर पहिल्याऐवजी दुसरा गिअर बरा, कारण त्यात चाकावर येणारा जोर कमी होतो आणि चाक गरगरण्याची शक्यता घटते. शरीर पुढे घ्यावे, परंतु मागच्या चाकावरील भार नाहीसा होईल इतके नव्हे. उतारावर शरीर मागे न्यावे आणि पुढचा ब्रेक एका बोटाने, हळुवारपणे वापरावा. पुढचे चाक जखडले की स्वार हमखास पडतो.

चौथा धडा आडव्या ओंडक्याचा. ओंडक्याजवळ येताच गुडघ्यांनी पुढच्या स्प्रिंगा दाबाव्यात. त्या उसळी घेतील त्याच क्षणी मूठ थोडी पिळावी. पुढचे चाक ओंडक्याच्या माथ्याला टेकले, की मूठ बंद करावी. येथेच बहुतेक नवशिके चुकतात; ते मूठ उघडीच ठेवतात आणि मागचे चाक ओल्या लाकडावर घसरते. मिळालेल्या गतीवर भिस्त ठेवून गुडघे वाकवले, म्हणजे मागचे चाक हलके होऊन आपोआप वर येते.

थांबून, जागच्या जागी उड्या मारीत चाके वळवण्याचे तंत्र अलीकडचे आहे. १९८७ ते १९९५ या काळात सात वेळा जगज्जेता ठरलेला स्पेनचा जोर्दी तार्रेस सायकलच्या ट्रायलीतून या खेळात आला आणि त्याने सायकलवरील अशा युक्त्या मोटारसायकलीवर आणल्या. त्याचाच देशबांधव टोनी बोऊ याने २००७ ते २०२४ या काळात सलग अठरा वेळा मैदानी जगज्जेतेपद मिळवले. माणसाच्या उंचीहून मोठे खडक तो पार करतो. परंतु या नैपुण्याची दुसरी बाजूही आहे. यंत्रे हलकी होत गेली तसतसे टप्पे अवघड करावे लागले आणि सामान्य स्वाराला ते दुर्लंघ्य होऊ लागले. म्हणूनच ब्रिटनमधील अनेक क्लब सोपे मार्ग वेगळे आखतात आणि १९६५ पूर्वीच्या बनावटीच्या यंत्रांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवतात. जुन्या, जड यंत्रावर उडी मारता येत नाही. तेथे वाट निवडण्याची बुद्धीच उपयोगी पडते.

सरावाचा क्रम

वाट निवडणे हे पायी चालूनच शिकता येते. जाणता स्वार टप्प्यात उतरण्यापूर्वी तो सावकाश चालून पाहतो; कोणता दगड हलतो, कोठे पाय घसरतो, शेवटच्या वळणासाठी कोठून आत शिरावे लागेल, हे मनाशी ठरवतो. सरावासाठी डोंगराचीही आवश्यकता नसते. सपाट मैदानावर दोन दगड ठेवून त्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे, पाय न टेकता आणि प्रत्येक वेळी थोडे अधिक लहान, घ्यावेत. ते साधल्यावर तेच उतरत्या जमिनीवर, आणि मग ओल्या गवतावर.

प्रत्येक चढानंतर इंजिन बंद करून खाली उतरावे आणि आपल्याच टायराचा ठसा पाहावा. नक्षी स्वच्छ उमटली असेल तर चाक जमिनीला धरून होते. ठसा फरफटलेला असेल तर त्याच ठिकाणी मूठ जास्त पिळली गेली, किंवा भार पुढे गेला. ती जागा लक्षात ठेवावी आणि तोच चढ पुन्हा चढावा.